डॉक्टर टिपणिसांची टकटक

आमच्या दाराला बेल आहे. चिमणीसारखी चिवचिवणारी, ह्यांनी पनवेलहून हौसेनं आणलेली. पण समोरच्या ब्लॉकमधले डॉक्टर टिपणीस तिला बोट लावतील तर शपथ! ते दारावर वाजवतात. टक... टक-टक. मग थांबतात. आतून आपण उलटं वाजवायचं, टक-टक... टक. तेव्हा कुठे स्वारी आत येणार. दार सताड उघडं असलं तरी बाहेर उभे राहून चौकटीवर वाजवतील. एकदा मी पोळ्या लाटत होते, हात पिठात, म्हणून ओरडले, "या हो डॉक्टर, उघडंच आहे!" हलले नाहीत. शेवटी पोळपाटावर लाटणं आपटून उत्तर दिलं, तेव्हा आले. वर म्हणतात कसे, "लाटण्याचा नाद जास्त अस्सल येतो. ह्यात काहीतरी आहे!"

'ह्यात काहीतरी आहे' हे त्यांचं पालुपद. ही टकटक कुठली म्हणून मी कितीदा तरी विचारलं. "एका बंधुमंडळाची खूण. अतिप्राचीन. नाव सांगता येत नाही, शपथ आहे." संपलं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला त्यांनी ती टकटक शिकवली, आणि आम्ही शिकलो, कारण उत्तर आलं की त्या माणसाचा चेहरा असा काही खुलायचा की नाही म्हणवत नसे.

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, रसायनाचे. उभी हयात रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये गेली. लग्न केलं नाही. संध्याकाळी वारा फिरला की गॅलरीत उभे राहून नुसत्या वासावरून सांगत, आज कुठल्या प्लँटमध्ये काय शिजतंय. आमचे हे तिथेच शिफ्टला, त्यामुळे ताळा बघता यायचा, आणि तो जुळायचाच. असा माणूस रिटायर झाल्यावर गुडघ्यांना तेल लावत बसेल तर ना! पुस्तकं लिहायला बसले. विषय काय, तर जगभरची गुप्त बंधुमंडळं आणि प्राचीन ज्ञान. पुस्तकं कोण वाचतं देव जाणे, पण ते सांगायला लागले की मी गॅसवरचं दूध विसरते. देवळं बांधणारे पाथरवट दगडावर आपली खूण कशी कोरत, हजार कोसांवरचा अनोळखी पाथरवट ती खूण बघून त्यांना घरात कसा घेई, तांबं गाळणारे कुठली शपथ घेत... रोह्यातल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये बसून हा माणूस अख्खी पृथ्वी फिरवून आणतो. मी बारावी पास बाई. पण अंगावर काटा येतो हो, खोटं कशाला सांगू!

आता खुणा शोधायची सवयच लागली म्हटल्यावर त्या कुठेही दिसणार. एसटीत कंडक्टरनं दोनदा दोरी ओढून घंटी दिली की डॉक्टरांचे कान टवकारले. "एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. ही दीक्षा तुम्हाला कुणी दिली?" कंडक्टर म्हणाला, "काका, ते डेपोत शिकवतात. पुढे सरका." गावातल्या ज्येष्ठांच्या हास्यक्लबवाल्यांनी बोलावलं, तर पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमची शपथ काय?" ते म्हणाले, शपथ कसली, हात वर करून हसायचं. डॉक्टर पडल्या चेहऱ्यानं परत आले.

पण एकदा डॉक्टर आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून धाटावला गेले. समोरून येणाऱ्या शिफ्टवाल्यानं दिव्याची उघडझाप केली. पुढे हवालदार उभा आहे, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर घरी आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. "ओळख ना देख, नाव ना गाव! आणि जाता जाता दुसऱ्याला सावध करतो! वहिनी, बंधुत्व म्हणजे दुसरं काय असतं?" आता हेल्मेट न घालणाऱ्यांची युती ती, पण त्यांनी तसं म्हटल्यापासून रस्त्यात कुणी दिवा दाखवला की मलाही भरून येतं.

माझं माहेर पेणचं. दरवर्षी श्रावण लागला की आमच्या गणपतीचा पाट घेऊन मी हमरापूरला हरीदादांच्या कारखान्यात जाते. आमच्याकडे तशी पद्धत आहे. घरचा पाट द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती बसून येते. पाटावर घराण्याचं नाव रंगवलेलं असतं. डॉक्टर दरवर्षी माझ्याबरोबर येतात, संशोधनाला. "कारागीर हीसुद्धा बिरादरीच, वहिनी."

पहिल्या वर्षी त्यांनी हरीदादांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुमच्यात नवीन माणसाला दीक्षा कशी देतात?"

"दीक्षा? पयल्या वर्षी नुसती माती मळायची. त्याला दीक्षा म्हणत असाल तर हाय."

"ह्यात काहीतरी आहे!"

पण मूर्तीचे डोळे काढायची वेळ आली की डॉक्टर चिडीचूप. हरीदादा श्वास रोखून बारीक कुंचल्यानं बुबुळ भरतात आणि एवढा वेळ मातीची असलेली मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. डॉक्टर हळूच म्हणाले होते, "रंगात काय काय आहे ते मी सांगेन. पण हे जे बघतंय ना, ते मला नाही सांगता येत."

मग ते भिंतीशी रचलेले पाट चाळत बसायचे. मला वाटे, खुणा शोधताहेत. एका पाटाशी थांबत, त्यावरून हात फिरवत, आणि "चला" म्हणत. मी कधी वाकून बघितलं नाही.

यंदा त्यांनी सगळे पाट चाळले. पुन्हा पहिल्यापासून चाळले. मग हरीदादांना विचारलं, "पेणच्या टिपणिसांचा पाट?"

"वसंतभाऊंचा? नाय आला यंदा. तब्येत बरी नाय म्हणतात त्यांची. एकटेच असतात ना."

डॉक्टर तिथेच मातीच्या गोणीवर बसले. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं, तर पेला हातातच राहिला. "वसंता माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले.

मी चाटच पडले. इतकी वर्षं शेजारी राहून डॉक्टरांना भाऊ आहे हे मला ठाऊक नव्हतं! पृथ्वीवरच्या सगळ्या बंधूंची नावं ऐकली होती मी, हे एक सोडून.

त्यांनीच सांगितलं मग. नवीन नवीन डॉक्टरेट मिळालेली, डोक्यात वारं. चतुर्थीला आरतीचं ताट हातात घेऊन वसंता उभा, आणि ह्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर व्याख्यान दिलं, ही नुसती शाडू, हा नुसता रंग, कसला देव नि कसलं काय. ती मूर्ती वसंतानं हमरापूरहून डोक्यावरून चालत आणली होती. तो एवढंच म्हणाला, "दादा, मग तू ह्या घरात गणपतीला येऊ नकोस." हे ताडकन उठले ते रोह्याला. दोघंही हट्टी. दिवस गेले, वर्षं गेली. "पाट आला की कळायचं मला, वसंता बरा आहे."

"आणि आता इथे बसून काय कळणार आहे?" माझा आवाज चढलाच. "उठा!" पेणची रिक्षा केली.

घर बाजाराच्या मागच्या आळीत. पायरीवर पालापाचोळा साचलेला. दाराला बेल होती. डॉक्टरांनी हात वर केला, खाली घेतला. पुन्हा वर केला. मला वाटलं, आता पळतात हे. मग त्यांनी वाजवलं.

टक... टक-टक.

आत सामसूम. गणपतीबाप्पा, म्हटलं, आतला माणूस धड असू दे रे! डॉक्टर डोळे मिटून उभे होते.

आतून खोकल्याचा आवाज आला. काठी सरकली. आणि मग त्या काठीनंच फरशीवर कुणीतरी वाजवलं.

टक-टक... टक.

अतिप्राचीन बंधुमंडळ म्हणे! दोन पोरांचं मंडळ होतं ते, पेणच्या आळीतलं. आणि ह्या माणसानं भावाचं ते उत्तर ऐकायला मिळावं म्हणून आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कामाला लावलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. लागू दे, म्हटलं.

"दादा, कडी लावलेली नाही," आतून आवाज आला. "ढकल."

वसंतभाऊ खाटेवर बसले होते. वाळलेले, पण नाक थेट डॉक्टरांचं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"पाट माळ्यावर आहे," वसंतभाऊ म्हणाले. "मला आता चढवत नाही. दुसऱ्या कुणाला काढायला सांगावंसं वाटलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शिडी कुठाय?" ते म्हणाले.

सत्तरीचा माणूस बाह्या सरसावून माळ्याकडे निघाला, आणि मी धावत पुढे होऊन शिडी धरली.