अक्कांची कॅसेट आणि लिफ्टमामा

लिफ्टमामांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जगात जे जे विजेवर चालतं, ते ते त्यांना घाबरून असतं. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती, आणि त्यांचं म्हणणं असं की मशीन उघडून बघतात ते नवशिके. मामा फक्त ऐकायचे. दाराला कान लावायचा, डोळे मिटायचे, की मोटर नुसती गुणगुणली तरी सांगणार, तिसऱ्या मजल्यावरचं दार घासतंय. दहापैकी नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी लोक जिन्याने जायचे.

तर अशा माणसाकडे त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, आपली कॅसेट दिली.

आगपेटीहून जरा मोठी, छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याची कॅसेट. अक्कांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, पण फोटो काय बोलतात? आवाज उरला होता तो या एका कॅसेटमध्ये. नवं घर बांधताना त्यांनी स्वतः शूटिंग केलेलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅमेरा बिघडला तो बिघडलाच. कॅसेट कपाटात साड्यांखाली पडून होती. अक्का येईल त्याला सांगायच्या की त्यात हे माझ्याबद्दल बोललेत. काय बोललेत ते नीट आठवत नव्हतं. छान काहीतरी होतं, एवढं नक्की.

मामांनी कॅसेट हातात घेतली, कानाजवळ नेऊन हलवली आणि निकाल दिला, की अक्का, रविवारी चार वाजता ये, भावजी कॉम्प्युटरमधून बोलतील.

आता कॅमेरा पाहिजे. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे तसला एक शेवटचा चालू कॅमेरा होता. त्याने तो दिला, सोबत कॉम्प्युटरला जोडायची वायर दिली आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. कॅसेट एक तासाची असेल तर उतरवायलाही एक तासच लागतो, घाई चालत नाही. कॅमेऱ्याचं आतलं, टेप वाचणारं हेड झिजलंय, आणि जुनी टेप एकदा नीट फिरेल, दुसऱ्यांदा अडकून तुटली तर मला सांगू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं हे बटण. एका बाजूला सरकवलं की शूटिंग, दुसऱ्या बाजूला सरकवलं की जुनी टेप बघायची.

शेवटचं वाक्य मामांच्या डोक्यात शिरलंच नाही. तेव्हा ते डोळे मिटून कॅमेऱ्याची मोटर ऐकत होते.

रविवारी दुपारी दोनला त्यांनी हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन थिएटर मांडलं. खुर्चीला 'काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये' ही पाटी अडकवली. मामींनी विचारलं की इथे लिफ्ट कुठेय. मामा म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग सुरक्षा. धूळ जाऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण लावलं आणि ते पडू नये म्हणून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. बाजूच्या छोट्या स्क्रीनवर ओरखडा नको, तिथेही चिकटपट्टी. कॅमेरा असा दिसायला लागला, जसा काही अपघातातून नुकताच वाचलाय.

राहिलं ते बटण. एका बाजूला हिरवी खूण, दुसऱ्या बाजूला लाल. लिफ्टच्या कामात लाल म्हणजे सूत्रं मेकॅनिकच्या हातात, बाकीच्यांनी लांब राहावं. मामांनी क्षणभरही विचार न करता बटण लालकडे सरकवलं.

वायर जोडली. कॉम्प्युटरने टिंग केलं, कॅमेरा सापडल्याचं लिहून दाखवलं आणि एक चौकोन उघडला. मामा खुर्चीतून उडालेच. चौकोन मात्र काळाकुट्ट.

दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण मामा बघणाऱ्यातले नव्हते ना! त्यांनी कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. कॅमेऱ्यावरही एक लाल बटण होतं, तेही दाबलं. वरच्या आणि खालच्या मजल्यावरून एकदम बोलावलं की लिफ्ट कुठूनतरी येतेच, हा बावीस वर्षांचा अनुभव. मग हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

आणि आवाज आला!

कुणीतरी श्वास घेत होतं. जड, दमदार श्वास. मामांच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात स्वयंपाकघरात मामींच्या हातून झाकण पडलं आणि हेडफोनमध्येही ठणठणाट झाला. मामा उठून मामींना सांगायला धावले, की चित्र गेलंय पण आवाज ठणठणीत आहे, भावजींच्या घरात भांडं पडलेलंसुद्धा ऐकू आलं. मामींनी हातातल्या झाकणाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि ते झाकण पातेल्यावर ठेवलं.

चारचं सांगितलं होतं, अक्का तीनलाच हजर. अकरा वर्षं थांबलेल्या बाईला अजून एक तास कुठून दम निघणार? मामांनी त्यांना टेबलापाशी बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि बजावलं की हलायचं नाही, बोलायचं नाही, टेप फिरतेय. मग स्वतः चवड्यावर चालत स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकघराचं दार टेबलापासून दोन हातांवर. तिथून त्यांनी मामींना हळूच सांगितलं, की अक्का आलीय, चहात साखर कमी टाक, तिला चालत नाही.

बाहेर हुंदका ऐकू आला.

मामा धावत आले. अक्का डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. हे बोलले, म्हणाल्या. मला म्हणाले, साखर कमी टाक. शेवटपर्यंत यांना माझ्या साखरेचीच काळजी रे.

मामांचा ऊर भरून आला. आपण केवढं मोठं काम केलं, असं वाटून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यामुळे पुढचं कळायला थोडा वेळ लागला.

कारण आत मामी चहा टाकता टाकता पुटपुटत होत्या. चारला बोलावलं की तीनला टपकायचं. आल्या आल्या माझ्या घराची परीक्षा. मागच्या वेळी पडद्यांना नावं ठेवली, आज कशाला ठेवतील देव जाणे.

अक्का ताठ झाल्या. त्यांनी डोळ्यावरचा पदर काढला आणि हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबला.

"सासूबाई," त्या कुजबुजल्या. "अगदी तोच आवाज. माझ्याबद्दलच बोलतायत. पडद्यांवरून!"

मामा म्हणाले की अक्का, गप्प बस. पण अक्का आता कसल्या बसतात! सासूबाई होत्या तोवर ज्या सुनेने मान वर केली नव्हती, ती आज टेबलावर हात आपटून बोलायला लागली. तुमचे पडदे काय सोन्याचे होते? सव्वीस वर्षं मी तुमच्या हाताखाली राबले, एकदा तरी बरं म्हणालात? आणि चहा म्हणाल तर तुमच्यासारखा पाणचट मी जन्मात केला नाही.

चहाचा ट्रे घेऊन मामी नेमक्या दारात उभ्या. चहा पाणचट, हे त्यांनी ऐकलं. चेहरा कढईसारखा तापला. पण मामी म्हणजे मामा नव्हेत, त्या बघणाऱ्यातल्या. त्यांनी हेडफोन बघितला, चिकटपट्टीत गुंडाळलेला कॅमेरा बघितला, खिडकीपाशी पाणावल्या डोळ्यांनी उभा नवरा बघितला. ट्रे ठेवला. वाकल्या. कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन शांतपणे म्हणाल्या, "अक्का, चहा निवतोय."

अक्का किंचाळून खुर्चीसकट मागे सरकल्या.

मग सगळं बाहेर आलं. श्वास कुणाचा, भांडं कुणाचं, साखर कुणाची आणि सासूबाई कोण. मामी आणि अक्का एकमेकींकडे बघेनात. मामांनी चिकटपट्टी सोलली, झाकण काढलं, तर छोट्या स्क्रीनवर स्वतःचाच हॉल दिसला. म्हणजे बटण शूटिंगच्या बाजूला होतं. ते जरासं हसून म्हणाले, की एवढंच ना, टेप फिरलीच नाही, आता फिरवू.

"आणि हे कॅमेऱ्यावरचं लाल बटण?" मामींनी विचारलं. "हे तुम्ही दाबलं होतंत ना?"

मामांचं हसू जागच्या जागी वाळलं.

शूटिंगच्या बाजूला लाल बटण दाबलं की जुन्यावर नवं लिहिलं जातं, हे लिफ्टवाल्यालाही कळतं. अक्कांना ते कळायला तीन सेकंद लागले. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे यांच्यावर आता हिचा चहा आहे?"

मामांनी कॅमेरा तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला आणि अनवाणी धावत सुटले. मागे अक्का, त्यांच्यामागे मामी, आणि गडबडीत मामांच्या शर्टाला अडकून आलेली ती पाटी पाठीवर हेलकावत होती. रस्त्यातले लोक बाजूला होऊन पाटी वाचत होते.

फोटोवाला दुकान बंद करत होता. मामांनी धापा टाकत गुन्हा कबूल केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. फोटोवाल्याने कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरली आणि तिच्या कडेला असलेलं नखाएवढं बटण दाखवलं. ते सरकवलेलं होतं. ज्यांनी शूटिंग केलं, त्यांनी कॅसेटला कुलूप घातलंय, तो म्हणाला. यावर कुणी काही लिहूच शकत नाही. तुम्ही लाल बटण दाबलंत तेव्हा कॅमेरा छोट्या स्क्रीनवर बोंबलत असणार की कॅसेट बंद आहे.

त्या स्क्रीनवर चिकटपट्टी होती, हे मामांनी सांगितलं नाही.

अक्का मट्कन स्टुलावर बसल्या. मग हसायलाच लागल्या. हे तर डब्याच्या झाकणालाही दोरी बांधायचे, म्हणाल्या.

फोटोवाल्याने मामांना कॅमेऱ्यापासून दोन पावलं मागे उभं केलं. झिजलेलं हेड पुसलं, बटण हिरव्याकडे सरकवलं, कॅसेट आत ढकलली. टेप थरथरली, चित्र एकदा फाटलं, आणि मग सरळ झालं. अक्कांनी मामींचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही.

पहिली दहा मिनिटं पाया. मग विटा. मग विटाच. मग पाण्याची टाकी, चारी बाजूंनी. भावजी कॅमेऱ्यामागे, आणि तोंडातून अक्षर नाही. अर्धा तास झाला, जिना झाला. चाळीस मिनिटं झाली, जिना परत झाला. मामा सारखं घड्याळ बघायला लागले, की अख्खी कॅसेट मुकीच निघाली तर? अक्का पापणी हलवत नव्हत्या.

बावन्नाव्या मिनिटाला नवी रंगवलेली भिंत आली. डावीकडून एक बाई चालत आली, काळेभोर केस, कमरेला पदर खोचलेला, आणि भिंतीसमोर उभी राहून कॅमेऱ्याकडे बघून हसली. अक्का!

आणि मग तो आवाज. जरासा घोगरा, जरासा वैतागलेला.

"बाजूला हो गं. भिंत दिसत नाहीये."

बाई हसत बाजूला झाली. भिंत दिसली. नंतर आठ मिनिटं भिंतच. कॅसेट संपली.

अकरा वर्षं साड्यांखाली जपलेलं ते एवढंच? मामांनी घाबरत घाबरत बहिणीकडे बघितलं. अक्कांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा सगळा उजळला होता.

"म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दलच बोललेत. परत लावा."

फोटोवाला म्हणाला की आता कॉम्प्युटरमध्ये आलंय, हवं तेवढ्या वेळा ऐका. त्यांनी परत ऐकलं. आणखी एकदा. मग चार वेळा. मामींनाही आता वाक्य पाठ झालं होतं. आठव्या वेळी मामांना राहवेना. हे सगळं शेवटी आपल्यामुळेच झालं, असं त्यांना पुन्हा वाटायला लागलं होतं. ते पुढे सरसावले, स्क्रीनसमोर वाकले आणि आवाज अजून कसा साफ करता येईल ते सांगू लागले.

"बाजूला हो रे," अक्का म्हणाल्या. "काही दिसत नाहीये."