साहेबांची सही

"आज पेन्शन मंजूर करून घेतल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही!" असं बायकोला ठणकावून मी निघालो.

"मग अंथरूणही घेऊन जा," ती म्हणाली.

मी सरकारी मनोरुग्णालयातला वॉर्डबॉय. तिथे सगळे मला मामा म्हणत. निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी पेन्शनचा पत्ता नव्हता. घर चाललं होतं बायकोच्या शिवणयंत्रावर.

पेन्शन कचेरीत कारकून कोराकरकरीत होता.

"काका, कुठून आलात?"

"मनोरुग्णालयातून!"

त्याने टेबलावरची कात्री हळूच खणात सरकवली. "भरती कधी झालात?"

"मिसरूडही फुटलं नव्हतं!"

"अरेरे! मध्ये सुट्टी नाही दिली?"

"सुट्टी? लग्नासाठी मागितली, तर डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी परत ये!"

"गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो कसल्या? देतो! नाक दाबून!"

मी नोकरीचं सांगत होतो, तो आजाराचं ऐकत होता! धूम ठोकून तो साहेबांकडे गेला. साहेबांनी आमच्याच रुग्णालयाला फोन केला, "एक पेशंट घुसलाय, गाडी पाठवा!" आणि बाहेर येऊन गरजले, "पेन्शन-बिन्शन काही नाही! चालते व्हा!"

"हलणार नाही! हक्काची आहे!"

साहेब थयथयाट करू लागले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या! जन्माची सवय हो. मी त्यांचा हात धरला, खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. "शांत व्हा. कोणी काही करणार नाही तुम्हाला."

नेमकी तेव्हाच गाडी आली. उतरलेले दोघे पहिलवान माझ्याच हाताखाली तयार झालेले.

"मामा, तुम्ही धरूनच ठेवलंत होय!" म्हणत त्यांनी साहेबांना अलगद उचललं.

"अरे, मी अधिकारी आहे!"

"हो साहेब, तिकडे तुम्हाला मोठी केबिन देऊ."

मी खुलासा करणारच होतो, आईशप्पथ! पण आधी पेन्शनचा कागद काखोटीला मारला आणि मागोमाग गाडीत चढलो. वॉर्डात पोचल्यावर म्हटलं, "साहेब, तुम्ही खरोखरचे अधिकारी आहात हे सांगणारा इथे एकटा मीच. करा सही!"

केली! चांगली लफ्फेदार!

दुसऱ्या दिवशी छाती काढून कागद कारकुनापुढे आपटला. त्याने तो उलटसुलट पाहिला.

"सही साहेबांचीच आहे, काका. पण मनोरुग्णालयात केलेली. ती धरता येत नाही."

"मग बोलवा तुमच्या साहेबांना!"

"ते रजेवर आहेत. तुमच्याच डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती लिहून दिलीय. भरपगारी!"

मी तिथेच बाकावर ठाण मांडलंय. उठणार नाही म्हणजे नाही! फक्त तो कारकून अधूनमधून पाणी आणून देतो आणि हळूच विचारतो, "काका, आता बरं वाटतंय ना?"