क्रिगलरांच्या पलंगाची अ‍ॅशबी परगण्यांत स्वारी

सकल पट्टी भरणारे, पट्टी भरतां भरतां वांकलेले, आणि पट्टी चुकवून उजळ माथ्यानें हिंडणारे थोर गृहस्थ, यांचे सेवेसी. मुलूख व्हर्जिनिया, निळ्या डोंगरांचा पायथा, येथें सन दोन हजार बाविसाच्या उंबऱ्यावर जें रण माजलें त्याची हकीकत लिहावी ऐसें कोणीं फर्माविलें नाहीं. परंतु लबाडांचीं चरित्रें त्यांचे पगारी कारकून लिहितात, आणि सरपण विकणाऱ्याच्या लढाईस कोणी कागद देत नाहीं, सबब लिहिली असे. ज्यास झोंबेल त्यास झोंबो.

ते समयीं टॉलिव्हर आणि अ‍ॅशबी ऐसे दोन परगणे, मध्यें एक ओढा, इतका रुंद कीं अलीकडच्या म्हाताऱ्यानें तंबाखूची पिंक टाकावी आणि ती परमुलखांत पडावी. पाऊस तोच, माती तीच, रस्त्यांतले खड्डे तर सख्खे भाऊ. निराळी काय ती पट्टी. टॉलिव्हरच्या मुत्सद्द्यांनीं नव्या कचेरीसमोर कारंजें बांधिलें, त्यांत पाणी उडेना, मग तें पाडून दुसरें बांधिलें, आणि त्याचा खर्च मोटारींवर बसविला. अ‍ॅशबींत उत्तरेकडील धनाढ्य येऊन घोडे पाळूं लागले, त्यांच्या जमिनींवरून कारभाऱ्यांनीं इतकें कांहीं उकळिलें कीं मोटारींकडे पाहावयास त्यांस सवड राहिली नाहीं. तेणेंकरून एकच ट्रक ओढ्याच्या अलीकडे उभा राहिला तर धन्याची चामडी सोलावी आणि पलीकडे उभा राहिला तर नुसता खिसा चाचपून सोडावें, ऐसा न्याय चालिला.

मग टॉलिव्हरच्या शहाण्यांनीं तोड काढिली. ज्याची मावशी अ‍ॅशबींत, त्याची मोटार कागदोपत्रीं मावशीच्या अंगणांत निजे. ज्यास मावशी नव्हती त्यानें मानिली. परगण्याची पट्टी भरल्याची चिठी मोटारीच्या काचेवर लावावयाचा रिवाज, टॉलिव्हरची पिवळी आणि अ‍ॅशबीची हिरवी. आणि रविवारीं टॉलिव्हरच्या चर्चबाहेर पाहावें तों सारें हिरवेंगार, जणूं अवघा अ‍ॅशबी परगणाच पापक्षालनास आला. आंत जाऊन हेच लोक खरें बोलण्याच्या पुण्याविषयीं गाणीं गात.

या मुलखांत सरपणबहाद्दर व्हर्लिन क्रिगलर नामें पुरुष होता. फर्निचरचा कारखाना बुडाला तेव्हां घरीं बसला, आणि मग हिंमत धरून एक दणकट ट्रक घेतला आणि ओकाचीं लाकडें फोडून घरोघर पोंचवूं लागला. ट्रक तोच त्याचा घोडा, तोच हत्ती, तोच खजिना. घर बायकोच्या बापानें बांधिलेलें. तें बांधिलें तेव्हां अवघें टॉलिव्हरांत होतें. परंतु पुरांत ओढ्यानें कूस बदलली, दोन्ही परगण्यांचे मोजणीदार आले, भांडले, जेवले, आणि सीमा घराच्या मधोमध आंखून गेले. स्वयंपाकघर अ‍ॅशबींत, निजावयाची खोली टॉलिव्हरांत, आणि मधल्या जमिनींत पितळेची खुंटी. घरपट्टी दोघांनीं खोल्या मोजून वांटून घेतली, कारण चोरांची वांटणी नेहमींच सुरळीत होते. ट्रक मात्र कापून वांटतां येईना. तो अंगणांत उभा राही तो नाक अ‍ॅशबींत आणि शेपूट टॉलिव्हरांत.

नोव्हेंबरांतल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या टर्कीचीं हाडें अजून रश्श्यांत शिजत होतीं तोंच टॉलिव्हरचा खलिता आला कीं येत्या वर्षीं ट्रकाची किंमत वाढली असे, सबब पट्टीही वाढेल. चालू सालची पट्टी व्हर्लिनानें चांगली करवत विकून भरिली होती. आतां विकावयास ट्रकच उरला. पट्टी न भरावी तर परगणा ट्रकाची नोंदणी अडवी, आणि नोंदणीविना रस्त्यावर येणें म्हणजे शिपायाच्या तोंडीं जाणें. मग व्हर्लिनानें धुतलेला सदरा घातला आणि कचेरीवर चाल केली.

कचेरींत महसूल कमिशनर लोर्ना व्हिस्नंट गादीनशीन होती. ही बाई लोकांच्या मतांनीं निवडून आलेली, आणि निवडून येण्यास लागणारें हास्य तिनें निवडणुकीनंतरही उतरवून ठेविलें नव्हतें.

"बाई, ट्रक वर्षानं म्हातारा झाला. मागचं फाळकं गंजून पडलं. आणि तुमच्याकडं त्याची किंमत वाढली?"

"बाजार चढलाय, मिस्टर क्रिगलर. नव्या गाड्या मिळत नाहीत, म्हणून जुन्या महागल्या. त्याला आम्ही काय करणार?"

"मग तुम्हीच घ्या विकत त्या भावानं. ही किल्ली."

"परगणा ट्रक विकत घेत नाही."

"हो ना, नुसता विकायला लावतो. बरं, त्याचं नाक अ‍ॅशबीत असतं, त्याचं काय?"

"नाकाला पट्टी नाही," बाई म्हणाली, आणि मग फर्मान सुनावती जाहली कीं घरावरून सीमा गेली असतां मालक जेथें निजतो तेथली त्याची मोटार, आणि एक जानेवारीस पलंग ज्या परगण्यांत, पट्टी त्या परगण्यांत. आणि वर पुसती जाहली, "काय, पलंग उचलताय की काय?"

यावर अवघे कारकून हंसले. कारकून हंसतात तेव्हां धनी हंसला आहे ऐसें समजावें. त्यांचें स्वतःचें हंसूं पेन्शनीनंतर सुरू होतें. व्हर्लिन मात्र हंसला नाहीं. त्यानें तें वचन सनद म्हणून उरांत ठेविलें आणि दरकूच माघारीं आला.

मग पशुखाद्याच्या दुकानांत, गरम बिस्किटांवर, म्हणजे तिकडच्या मऊ पावांवर, सॉसेजचा पांढरा रस्सा ओतून, शेजारी हॉइट शिफ्लेट याजबरोबर मसलत जाहली.

"येड्या, पलंग कसला हलवतोस? एक मावशी मान की," हॉइट म्हणाला. "माझी घे. बहिरी आहे, काही विचारत नाही."

"नको."

"अख्खं टॉलिव्हर करतंय लेका."

"म्हणून तर नको. खोटं बोलून जिंकलो, तर ती बाई खरी ठरेल. मी खराखुरा पलीकडे झोपणार."

"ओलीटाला विचारलंस?"

यावर सरपणबहाद्दरानें बिस्किटांत तोंड घातलें. कारण ओलीटा क्रिगलर, त्याची बायको, हिचा धाक त्यास दोन्ही परगण्यांहून अधिक होता. पलंग तिच्या बापानें अक्रोडाच्या लाकडाचा, त्याच खोलींत बसून, घडविलेला. त्यावर ती जन्मली होती. शिवाय तो सांध्यांनीं ऐसा जखडलेला कीं खोलावा तर मोडावा, आणि दारांतून तो निघे ऐसें दार त्या घरास नव्हतें.

"फ्रिजशेजारी झोपू मी?" ओलीटा कडाडली. "एका कानात तो घुरघुरणार, दुसऱ्या कानात तू!"

"मग ट्रक विकतो. सोमवारी गिऱ्हाईक बोलावतो."

 कारखाना बुडाला त्या हिवाळ्यांत हा पुरुष खिडकीशीं खुर्ची ओढून रस्त्याकडे पाहात बसे, जेवावयास बोलाविलें तर पुसे कीं सकाळचें कीं रात्रीचें, तें ओलीटानें पाहिलें होतें. पुन्हां पाहावयाची तिची छाती नव्हती.

"फ्रिज टॉलिव्हरला जाईल," ती शेवटीं म्हणाली. "थंडगार आहे, कचेरीच्या लोकांत शोभेल. आणि भिंत कापशील ती सरळ काप. बाबांची भिंत आहे."

तो हुकूम होतांच सालाच्या अखेरच्या सकाळीं मोहीम सुरू जाहली. हॉइटानें यांत्रिक करवत आणिली, तिच्या आवाजानें कोंबड्या अ‍ॅशबींत पळाल्या, आणि मग त्या पट्टी न भरतां तेथेंच दाणे टिपूं लागल्या. भिंतीस भगदाड पाडिलें, आणि मग जेवणाचें टेबल ओसरीवर हद्दपार केलें, आणि मग फ्रिज दोरांनीं बांधून शरणागत सरदारासारखा टॉलिव्हराकडे रवाना केला, आणि मग पलंगास खांदा दिला. भगदाडांत पलंग अडकला. हॉइटाचें बोट चिरडलें आणि त्यानें दोन्ही परगण्यांच्या सात पिढ्यांस उद्देशून जें स्तोत्र म्हटलें तें येथें लिहितां येत नाहीं. ओलीटा पुढें होऊन म्हणाली, "अरे डोकं वर घ्या, बाबा नेहमी तसाच फिरवायचे," आणि तिनें कोपरा असा वळविला कीं पलंग भगदाड ओलांडून अ‍ॅशबींत दाखल जाहला. परंतु स्वयंपाकघर लहान आणि शेगडी मोठी. पलंगाचे पायथ्याकडील दोन पाय पितळी खुंटीच्या अलीकडे, टॉलिव्हरांतच राहिले. दमलेल्या फौजेनें तिकडे पाहिलें नाहीं.

नववर्षाच्या दिवशीं घरोघर चवळी आणि हिरवा पाला शिजे, कीं वर्षभर हातीं पैसा खेळावा. क्रिगलर नवराबायको आणि हॉइट पलंगावर बसूनच जेवत होते. इकडे भगदाडाची बातमी चर्चमार्गें लोर्ना व्हिस्नंटच्या कानीं गेली होती. कचेरीस सुटी, परंतु सरपणवाल्यानें थट्टेस सनद मानावें हा अपमान तिच्यानें पचवेना. सबब सरकारी मोटारीची वाट न पाहतां ती आपल्याच मोटारींत बसून, टेप घेऊन, स्वारीवर आली.

तिनें खुंटी पाहिली, टेप ताणिली, आणि तिचें तें निवडणुकीचें हास्य उगवलें.

"हे दोन पाय टॉलिव्हरात आहेत, मिस्टर क्रिगलर."

व्हर्लिनाच्या हातांतला चमचा थांबला. ट्रक गेला ऐसें त्याच्या मुद्रेवर स्पष्ट उमटलें, आणि तो नकळत खिडकीकडे पाहूं लागला. तें पाहून ओलीटा उठली.

"बाई, झोप डोक्याला लागते की टाचांना? उश्या बघा कुठं आहेत त्या. टाचांची पट्टी हवी असली तर वेगळी पाठवा."

"हे नाटक आहे. कोणी स्वयंपाकघरात झोपतं का?"

"आम्ही झोपलो. पाठ विचारा माझी."

"मी हे मान्य करणार नाही. गाडी जिथं खरोखर असते, तिथंच पट्टी भरायला हवी. प्रामाणिक लोक असंच करतात."

ओलीटाची नजर खिडकीबाहेर अंगणांत गेली. तेथें कमिशनरची मोटार उभी, आणि काचेवर हिरवी चिठी.

"मग तुमचा पलंग कुठंय, बाई?"

"माझा?"

"निवडून टॉलिव्हरात आलात. चिठी अ‍ॅशबीची कशी?"

बाईचें हास्य प्रथमच पदच्युत जाहलें. "ती गाडी... ती मावशीकडं असते."

"बरी आहे ना मावशी?" हॉइटानें बांधलेलें बोट कुरवाळीत पुसलें.

"वारली," बाई म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला उमगलें कीं हें म्हणावयास नको होतें.

"अरेरे! आणि गाडी बिचारी अजून अंगणातच बसून आहे?" हॉइट हळहळला.

पलीकडच्या परगण्यांतून फ्रिज घुरघुरला. मग लोर्ना व्हिस्नंटनें टेप गुंडाळिली, आणि पलंगाच्या काठावर टेकून, कारण बसावयास दुसरें कांहीं उरलें नव्हतें, लिहून दिलें कीं सदर मालक अ‍ॅशबी परगण्यांत निजतात, सबब ट्रक अ‍ॅशबीचा. खालीं सही केली. निघूं लागली तों ओलीटानें वाडगा पुढें केला.

"चवळी खाऊन जा. आज रिकाम्या पोटी गेलात तर वर्षभर तुमच्या हाती पैसा टिकायचा नाही, आणि मग पुन्हा आमच्याच मागं लागाल."

गनिमानें उभ्याउभ्याच चवळी खाल्ली आणि मावशीच्या मोटारींत बसून माघार घेतली.

येणेंप्रमाणें टॉलिव्हर परगण्याची शिकस्त आणि क्रिगलरांची फत्ते जाहली. कामीं आले ते: एक भिंत, एक बोट, आणि कोंबड्यांची निष्ठा. ट्रक राहिला; दुसरे दिवशीं पहांटे ओकाचीं लाकडें लादून तो नेहमींच्या रस्त्यानें गेला, आणि व्हर्लिन खिडकीशीं बसला नाहीं. कारंजें अजून कोरडें आहे, मावश्या अजून मरून मोटारी पाळीत आहेत, आणि तें सर्व कायदेशीर असे. क्रिगलरांनीं जो मुलूख जिंकिला तो एका पलंगाएवढा, तोही टाचा वजा जातां. परंतु तेवढ्या मुलखावर दोन माणसें निवांत निजतात. टॉलिव्हरच्या अवघ्या परगण्यांत तेवढें निवांत निजतात ते केवळ कचेरींतले, तेही दिवसां. हें सत्य जाणोन नोंद केली असे.