दिसतील तितके दात

स्कार्वदाल गावच्या स्की मंडळाने जानेवारीच्या सभेत एकमताने ठराव केला की, मंडळाच्या उतारावर अकरा वर्षांखालील प्रत्येक मूल आनंदाने घसरेल. आनंदाला विरोध करणार कोण? तोरगाइरने हात वर केला, आणि शेजारी पेंगणाऱ्या बायकोचा, म्हणजे इंगविल्डचा, कोपर धरून तिचाही वर केला.

मंडळ पूर्वीपासूनच मुलांच्या मनाला जपणारं. शर्यत असे, पण पहिलं कुणी नसे. वेळ कुणी मोजायचा नाही, पदकं सगळ्यांना सारखी. मागच्या हिवाळ्यात एक मूल आपल्या छातीवरचा मोठा आकडा बघून हिरमुसलं, तेव्हापासून सगळ्या मुलांच्या छातीवर 'एक' हाच आकडा. आईबाप कडेला उभे राहून सगळ्यांच्या मुलांसाठी सारख्याच टाळ्या वाजवत. आता, टाळ्या वाजवताना काहींच्या लोकरी हातमोज्यांतून 'टिक' असा बारीक आवाज येई, पण मोज्यात घड्याळ ठेवू नये असा नियम नव्हता. तोरगाइर स्वतः शुक्रवारी तळघराचं दार लावून मुलीच्या स्कींना वेग वाढवणाऱ्या मेणाचे तीन थर चढवायचा, आणि कुणी विचारलंच तर म्हणायचा, "स्कींना थंडी बाधू नये म्हणून."

त्याची मुलगी तिरिल सात वर्षांची. तिला स्कीचं वेड होतं. स्की तिच्या पलंगाशेजारी झोपत, आणि सकाळी पाय जमिनीला लागण्याआधी स्कींना लागत. फक्त डावीकडे वळणं काही तिला जमेना. उजवीकडे झक्क वळायची, डावीकडे मात्र दर खेपेला बर्फात तोंड खुपसायची, आणि पुसून परत वर जायची. वळताना तिच्या कपाळाला आठी पडे आणि जीभ बाहेर येई. तोरगाइरची इच्छा एवढीच, की पोरीला डावं वळण यावं, आणि तेही हसतखेळत. हसतखेळत हा शब्द त्याने सभेतूनच उचलला होता.

ठराव झाला, पण आनंद झाला की नाही हे ठरवायचं कुणी? मंडळाने हे काम स्टाइनारकडे दिलं. स्टाइनार गावचा दातांचा डॉक्टर. त्याने विचार करून निकष काढला: हसताना दिसतील तितके दात, तितका आनंद. वेळ मोजायला मनाई होती, पण दातांबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. इतकी वर्षं काहीच मोजता न आल्याने पालकांचा जीव कोंडला होता. त्यांनी आठवड्याभरात दारोदार हिंडून संडासच्या कागदाच्या गुंडाळ्या विकल्या, कारण मंडळाचा सगळा खर्च त्यावरच चालतो, आणि उताराच्या पायथ्याशी स्टाइनारसाठी लाकडी मचाण उभं केलं.

पहिल्याच शनिवारी स्टाइनार मचाणावरून उतरला तो थेट तोरगाइरकडे आला.

"तिरिलचं तोंड उघडं होतं," तो गंभीरपणे म्हणाला, "पण आनंद आढळला नाही."

"अरे, तिची जीभ बाहेर येते. लक्ष लागलं की येतेच."

"जीभ खालच्या दातांवर येते. मला खालचं काहीच दिसत नाही."

"मग वरचे मोज की!"

"वरचे दोन नाहीतच."

"पडलेत रे ते! सात वर्षांची आहे पोरगी. त्यातला एक तर तूच काढलास!"

"ते दवाखान्यात," स्टाइनार म्हणाला. "इथे मी मंडळाचा माणूस आहे."

तोरगाइरने रीतसर दाद मागितली. पडलेले दुधाचे दात हे गृहीत आनंद म्हणून धरण्यात यावेत, असं त्याचं म्हणणं. अध्यक्षा गुन्वोरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"तसं धरलं, तर उद्या बोळक्या तोंडाची तान्ही बाळं सगळ्यांत आनंदी ठरतील."

"असतातच ती," इंगविल्ड म्हणाली.

ही सूचना विषयाला सोडून असल्याने वगळण्यात आली. मग गुन्वोरबाई फार मायेने बोलल्या. "हे बघ तोरगाइर, ज्या लेकराला आनंद होत नाही त्याला स्कीवर उभं करणं म्हणजे क्रूरपणा. पुढच्या शनिवारी आनंदोत्सव आहे. त्यात दिसला तर उत्तमच. नाहीतर तिरिलला हिवाळाभर विश्रांती. शिक्षा नव्हे हं! तिच्याच भल्यासाठी."

हिवाळाभर सगळी मुलं उतारावर, आणि तिरिल खिडकीत. ती एकदा खिडकीत बसली की परत उतारावर येईल की नाही कुणास ठाऊक. काहीही करून पोरीला आनंदी करायचं, असं तोरगाइरने ठरवलं.

त्या संध्याकाळपासून आरशासमोर सराव सुरू झाला.

"म्हण, ई."

"ई."

"जीभ आत. आता डोळ्यांतूनही हस."

"डोळ्यांतून कसं हसतात?"

"मजा आल्यासारखं कर गं!"

"बाबा, मला मजा येते तेव्हा मी असं करत नाही."

"तेच तर चुकतंय तुझं," तोरगाइर म्हणाला.

मग बर्फावरचे धडे. ती उतारावरून येई आणि हा कडेने ओरडत धावे, "हस! मजा येतेय ना? मग हस की, तिरिल!" ती बिचारी दात काढी. दात काढले की तिचे डोळे मिटत, आणि डोळे मिटले की उजवं वळणही चुके. आता ती दोन्ही बाजूंना पडू लागली. "प्रगती आहे," तोरगाइर घरी येऊन म्हणाला, "पडताना हसत होती."

"तूही जरा हस की," इंगविल्ड म्हणाली. "आठवडाभर चेहरा कसा एरंडेल प्यायल्यासारखा झालाय."

"माझं वय अकराच्या वर आहे," तो म्हणाला.

एकटा तोच असं करत होता असं मात्र मुळीच नाही. गावातल्या दुकानातलं व्हॅसलीन संपलं, कारण ते हिरडीला चोपडलं की ओठ वर सरकतो आणि तिथेच राहतो. एका बापाने राजधानीतून हसण्याचा शिक्षक बोलावला; तो स्वतः इतका उदास होता की मुलं त्यालाच धीर देत होती. कडाक्याच्या थंडीत दात उघडे ठेवून मुलांचे दात ठणकू लागले आणि स्टाइनारच्या दवाखान्यात रांग लागली. स्टाइनारने दवाखान्यात उपचार केले, मचाणावर गुण कापले, आणि दोन्ही ठिकाणी निःपक्षपाती राहिला. दात ठणकतात म्हणून कोणीतरी गरम कोको सुचवला. पण कोकोने दात पिवळे दिसतात. तेव्हा मुलांच्या आनंदाच्या हितासाठी कोको बंद करण्यात आला.

उत्सवाच्या सकाळी तिरिल दारात बसून राहिली. स्की तिने हातात घेतल्या नव्हत्या.

"चल, उशीर होतोय."

"बाबा, मला स्की नको."

"आज नको?"

"कधीच नको."

तोरगाइर तिच्याशेजारी पायरीवर बसला. त्याला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याची लाज वाटली. ज्या पोरीच्या पायातून स्की काढायला दोघांना ओढाताण करावी लागायची, तिच्या तोंडून हे ऐकायला त्याला जेमतेम एक आठवडा लागला होता. पण मचाणावर स्टाइनार चढला असणार, छातीवर 'एक' हा आकडा लावून सगळ्यांची मुलं उभी असणार. "आजच्या दिवस," तो म्हणाला. "बाबासाठी." तिरिलने त्याच्याकडे बघितलं आणि निमूटपणे स्की उचलल्या.

उत्सव दणक्यात सुरू झाला. शिट्टी वाजली आणि मुलं सुटली, सगळ्यांचे दात उन्हात चमकताहेत. दात दिसावेत म्हणून प्रत्येकाचं तोंड मचाणाकडे, त्यामुळे वाटेकडे बघतंय कोण? डाव्या वळणावर पहिलं मूल आडवं झालं. त्यावर दुसरं, मग सगळी. बर्फात मुलांचा ढीग झाला, आणि ढिगातूनही शिकवल्याप्रमाणे सगळे हसतच होते. "अप्रतिम!" स्टाइनार मचाणावरून ओरडला. "हललं तर मोजता येणार नाही, कुणी हलू नका!"

तोरगाइर ढीग उपसत होता. लाल टोपी, निळी टोपी. तिरिलची हिरवी टोपी त्यात नव्हती. अजून दोनचार मुलंही नव्हती. तो धावत सुटला, आणि वॉफल भाजायच्या खोपटामागे त्याला गलका ऐकू आला.

तिथे रस्त्यावरचा बर्फ आणून टाकतात, त्याची वाकडीतिकडी टेकडी झाली होती. तिरिल तिच्या माथ्यावर उभी होती. कपाळाला आठी, जीभ बाहेर. ती सुटली, उजवीकडे वळली, समोर विजेचा खांब आला, आणि खांब चुकवायला डावीकडे वळली. वळली! सफाईने, सुर्रकन वळली, पुढच्या उंचवट्यावरून उडाली, पार्श्वभागावर आपटली, आणि असं काही किंचाळली की खोपटावरचा बर्फ खाली आला. बाकीची पोरं लोळत होती. एकाच्या हातात सगळ्यांसाठी पळवलेलं वॉफल होतं, त्यावरचं तपकिरी चीज त्याच्या कानाला लागलं होतं.

बापाला बघताच तिरिलने जीभ आत घेतली आणि घाईघाईने दात दाखवले.

"नको गं," तोरगाइर म्हणाला. "ठेव जीभ बाहेर."

"मग तू येतोस?"

"माझ्याकडे स्की कुठायत?"

"पोटावर ये!"

तो वर चढला आणि पोटावर झोपला. पोरांनी ढकलला. तो थेट खांबाखालच्या भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत घुसला, आणि तिथेच आतल्या आत इतका हसला की पाय धरून त्याला ओढून काढावं लागलं. पुन्हा वर गेला. पुन्हा. एकदा तर तिरिल त्याच्या पाठीवर बसून आली. त्या दिवशी तिला सगळ्यांसारखं पदक मिळालं नाही, आणि घरी जाईपर्यंत ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

इथे गोष्ट संपली असती. पण तोरगाइर भला माणूस होता, आणि एवढी चांगली गोष्ट आपल्याच पोरीपुरती ठेवणं त्याच्या मनाला पटेना. पुढच्या सभेत तो उठला आणि खोपटामागची टेकडी, पोटावरची घसरगुंडी, बाहेर आलेली जीभ, सगळं त्याने असं काही सांगितलं की गुन्वोरबाईंनी डोळे टिपले. मंडळाने टेकडी तत्काळ ताब्यात घेतली. आता तिला कुंपण आहे, खांबाला गाद्या बांधल्या आहेत, उंचवटा सपाट केला आहे. 'मुक्त आनंद', मंगळवारी आणि गुरुवारी पाच ते सहा, हेल्मेट सक्तीचं, जीभ बाहेर काढणं अपेक्षित. स्टाइनार आता जिभा मोजतो. तोरगाइर मार्गदर्शक आहे. तिरिल दर मंगळवारी वेळेवर येते, जीभ बाहेर काढून शिस्तीत घसरते, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून एकदा किंचाळतेसुद्धा.

पण बुधवारी तिचे हातमोजे ओलेचिंब असतात.

"कुठे होतीस गं?" तोरगाइर विचारतो.

"कुठेच नाही."

"डावीकडे वळायला मजा येते का तिथे?"

"कुठे तिथे?" तिरिल म्हणते, आणि मोजे शेगडीवर वाळत घालते.

ती कुठे जाते हे मला ठाऊक आहे. शपथ घालून तिने मला तिथे एकदा नेलंही होतं, आणि माझी पाठ अजून दुखते आहे. पण तुम्हाला सांगणार नाही. तुम्हालाही मुलं आहेत.