सूनबाईंचा सी ड्राइव्ह

सून बाहेर पडल्याबरोबर सासरे तिच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. सी ड्राइव्हची पट्टी जागा संपल्यामुळे लालभडक झाली होती आणि शेजारी डी ड्राइव्ह रिकामा पडला होता. आयुष्यभर गोदामं सांभाळलेल्या माणसाला हे बघवेना. त्यांनी सुनेच्या नावाचा अख्खा फोल्डर कट केला आणि डीमध्ये पेस्ट केला. मधूनमधून ‘ही फाइल वापरात आहे’ अशी कुरकुर येत होती. प्रत्येक वेळी ते ‘वगळा’ दाबत गेले.

पट्टी निळी झाली. सासऱ्यांनी खुशीत, सहज म्हणून, तिचा नकाशे काढायचा प्रोग्राम उघडला.

‘स्वागत आहे. आपली भाषा निवडा.’

सून एका आर्किटेक्टकडे कामाला होती आणि नकाशे घरी बसून काढायची. शाळेच्या एका जिन्याचा नकाशा तिला आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. त्यासाठी आठवडाभर डोळे फोडून बसली होती बिचारी. आणि आता तिचाच प्रोग्राम तिला ओळख दाखवत नव्हता. जुन्या नकाशांची यादी कोरी होती.

“अहो, चेहरा का असा पडलाय?” बायको दारातून म्हणाली.

“काही नाही. सूनबाई कधी येणार?”

“येईल इतक्यात. तुम्ही कशाला हात लावलात?”

“जागा करून दिली तिला.”

“माझ्या कपाटात जागा करून दिली होतीत, तेव्हापासून माझा चष्मा सापडत नाहीये.”

“ती ओरडेल का गं?”

“ओरडली तर बरंच. ती नुसतं ‘असू दे, बाबा’ म्हणते ना, त्याचीच मला धडकी भरते.”

सासऱ्यांनी पुतण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचा.

“काका, फोल्डर असा उचलायचा नसतो,” सगळं ऐकून तो म्हणाला. “त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नवी जागा सांगायची, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच नेऊन ठेवतो. तेही फक्त कागदपत्रं, फोटो वगैरे. तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामच्या सेटिंगचा एक लपलेला फोल्डर असतो. तोही गेला का?”

“लपलेला होता तर मला कसा दिसेल?”

“म्हणजे गेलाच.”

“आणि नकाशे?”

“डीमध्ये असतील. आता मात्र काही करू नका. मी येईपर्यंत हात मांडीखाली घेऊन बसा.”

सासरे खरोखरच तसे बसले. जिन्यात पावलं वाजली. सून आत आली. तिचे डोळे लाल होते. ते पाहून सासरे उठून उभे राहिले.

“सूनबाई, माझ्या हातून…”

“बाबा, आधी मला बोलू द्या. कालपासून माझा प्रोग्राम उघडतच नाहीये. अपडेट केलं आणि बंदच पडला. तुम्ही बजावलं होतं अपडेट करू नकोस म्हणून, मग तुम्हाला सांगायची भीती वाटली. आत्ता साहेबांकडे मुदत मागायला गेले होते. नाही म्हणाले.” तेवढ्यात तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. “हा उघडला कसा?”

सासऱ्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“जागा करत होते ते,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेने डी ड्राइव्हमधून जिन्याची फाइल शोधून उघडली. पायऱ्या, कठडे, सगळं जागच्या जागी होतं. पुतण्याने नंतर सांगितलं, बिघडलेली सेटिंगच उचलली गेली, म्हणून प्रोग्रामने नव्याने सुरुवात केली. पण नंतर. त्या घटकेला सून सासऱ्यांकडे देवमाणूस बघावा तशी बघत होती.

“बाबा, ऑफिसात सगळ्यांचे कॉम्प्युटर त्याच अपडेटने अडकलेत,” ती म्हणाली आणि तिने फोन लावला.

“अगं, मी काय म्हणतो…”

“हॅलो, साहेब? काळजी करू नका. आमच्या बाबांना येतं हे. उद्या सकाळीच पाठवते त्यांना.”

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं.

“कुठला शर्ट इस्त्री करू?” तिने विचारलं.