लाल चिमटे

दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर लोकांकडे बघून हसलेली बायको घरी पोचली, तर नवरा बॅग भरत होता.

"कुठे निघालास?"

"भावाकडे. तू फार चिडलीयेस."

ती तोवर मुळीच चिडली नव्हती. आता मात्र तिचं डोकं तडकलं. "कोण म्हणालं?"

त्याने गॅलरीकडे बोट दाखवलं. दोरीवरच्या त्याच्या शर्टांना, पँट्सना, टॉवेलला, एकूण एक कपड्याला लाल चिमटे होते.

आता हे समजायला हवं, की हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मोटरच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, पण चेहऱ्यावरचा राग त्याला ओळखू यायचा नाही. ऑटिझम आहे, हे त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. तरी पहिलं वर्ष तिने भांडी आपटण्यात घालवलं. तो म्हणायचा, "पातेल्याला पोचा पडेल." शेवटी दोघांनी ठरवलं. ज्या वस्तूवरून राग आला, त्या वस्तूला तिने लाल चिमटा लावायचा. त्याने "का?" विचारायचं आणि तिने "काही नाही" म्हणायचं नाही. तेव्हापासून संसार सुरळीत चालला होता.

"सगळ्याच कपड्यांचा राग," तो म्हणाला. "म्हणजे माझाच. मग थांबून काय करू?"

बाबांबरोबर चार दिवस राहायला आलेली तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी लावलेत चिमटे. ड्रॉवरमध्ये नुसते पडले होते."

"आई, त्यांना हात लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"चिमटे कपड्यांना नाही लावायचे, तर काय फोडणीत घालायचे? आणि हा कसला पोरखेळ? बायकोचा राग नवऱ्याला न सांगता कळायला हवा."

आता कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? ती तरातरा गॅलरीत गेली आणि चिमटे ओरबाडून काढू लागली. एक पँट खालच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांच्या डोक्यावर पडली. ते पँट घेऊन तणतणत वर आले.

नवऱ्याने त्यांच्या हातातल्या पँटला चिमटा लावला. "का?"

हेडमास्तर गडबडले. मग पँटवरून सुरुवात करून गॅलरीतून ठिबकणाऱ्या पाण्यापर्यंत सगळं बोलून मोकळे झाले. "पाइप उद्या दुरुस्त करतो," नवरा म्हणाला. ते शांतपणे खाली गेले. आई बघतच राहिली.

"राग आईचा आलाय. तुझा नाही," बायकोने नवऱ्याला सरळ सांगितलं. "तू कुठेही जायचं नाहीस."

"बरं," म्हणून त्याने बॅग रिकामी केली.

"आणि आई, न सांगता कळतं म्हणतेस. बाबांना कधी कळलं?"

आईने बाबांकडे पाहिलं. ते आल्यापासून खुर्चीत पेपरामागे होते. पेपराआडूनच म्हणाले, "चहा राहिला वाटतं."

आई म्हणाली, "जावईबापू, ती बॅग द्या इकडे."

पेपर जरासा खाली आला. "कुठे निघालीस?"

"भावाकडे."

"का? काय झालं?"

आईने जमिनीवरचा एक लाल चिमटा उचलला आणि त्यांच्या पेपरला लावला.

"हे काय आता?"

"पेपरचा राग आलाय त्यांना," जावयाने समजावून सांगितलं. "आता तुम्ही 'का' विचारायचं. आणि पुरं ऐकून घ्यायचं. मी चहा टाकतो, वेळ लागेल."