चुलीचे नाव विस्तवास कैसे लागले त्याची हकीकत

श्रीवाग्देवता तुष्ट असो. शके तीनशे अठ्ठ्याण्णव, ते समयी एक थोर राज्य बुडो लागले, त्याची हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहितो. राज्याच्या धनीण लातिनबाईसाहेब. त्यांस कन्या पाच: इतालवी, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि धाकटी रुमानियन. पाचही दूरदेशी दिधल्या होत्या, आणि धाकटी तर डोंगरांपलीकडे परक्या मुलखात पडली, आणि बहुत वर्षे तिचे वर्तमान नाही, मग लोक म्हणो लागले की ती परक्यांचेच बोल बोलते. दिवाण तुल्लूसपंत, विद्वान खरे परंतु नाक सदा वर, त्यांणी अर्ज केला, "आईसाहेब, धाकटीचे नाव वंशावळीतून कमी करावे." बाईसाहेबांनी वंशावळीवर हात ठेविला. मग म्हणाल्या, "पंत, पारख केल्याविना माझ्या लेकीस परकी म्हणू नका."

मग मसलत जाहली. दरबारी अग्नीस 'इग्निस' म्हणत, आमच्या अग्नीचाच तो भाऊबंद, आणि यज्ञात तोच, काव्यात तोच. जिच्या घरी हा शब्द सापडेल ती आपली, ऐसे पंतांनी ठरविले. जासूद रवाना जाहला, आणि पाचही घरे फिरून आला, आणि मान खाली घालून म्हणाला, "आईसाहेब, इग्निस कोणाच्याच घरी नाही." एकीस वगळावयास गेले तो पाचही जाऊ लागल्या! पंतांस घाम फुटला. मग बाईसाहेबांनी पुसिले, "अरे, मग पोरी विस्तवास म्हणतात तरी काय?"

जासूद बोलिला, "थोरली फुओको म्हणते. दुसरीने शब्द खाऊन नुसते 'फ' ठेविले आहे. तिसरी फुएगो म्हणते, चौथी फोगो. धाकटीचे बोलणे मज निम्मे उमजेना. मी थंडीने काकडलो होतो, तो तिने हाती धरून आत नेले, जाळापाशी बसविले आणि म्हणाली, फोक."

ऐकोन बाईसाहेब रडो लागल्या आणि हसोही लागल्या. हे पाचही बोल फोकुस या एकाच शब्दाचे, आणि फोकुस म्हणजे त्यांच्या मुदपाकखान्यातली चूल. लेक सासरी निघाली म्हणजे त्या चुलीतले निखारे राखेत दडपून मडक्यातून संगे द्यावे, ऐसी घरची चाल, आणि मडक्याबरोबर चुलीचे नावही गेले होते, ते कोणी मुद्दाम दिले नव्हते.

पंत पुटपुटले, "परंतु आईसाहेब, हा तो स्वयंपाकघरचा शब्द!"

"मग? माझ्या पोरी सासरी यज्ञ करावयास गेल्या की संसार? धाकटीचे नाव राहू द्या, आणि शाई गडद घ्या."

येणेप्रमाणे जाहले. पुढे राज्य बुडाले, बाईसाहेबही गेल्या, आणि इग्निस पोथ्यांत राहिला. धाकटीस आपले नाव राखिले हे कधी कळले नाही. ती थंडीत दारी आलेल्यास आत बोलावीत राहिली, आईच्याच शब्दाने.